नाणेसंग्रहासाठी संदर्भ-पुस्तकांचं कपाट कसं लावावं: शिवराई आणि कंपनी-राणीछाप रुपयांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नाण्यांवरची पुस्तकं जमवताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी जगभरच्या नाण्यांचा एक जाडजूड कॅटलॉग घरात येतो. मग मोबाइलमध्ये पीडीएफचा ढीग साचतो. आणि एवढं करून हातातली शिवराई (छत्रपती शिवरायांच्या नावाचा तांब्याचा पैसा) कुणाच्या काळातली असं कुणी विचारलं, की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची. घरातली पुस्तकं ज्या प्रश्नांची उत्तरं देतात, ते प्रश्न आपल्या नाण्यांचे नसतात, एवढाच घोळ आहे.

महाराष्ट्रातल्या घरांत जी जुनी नाणी सहज सापडतात, त्यांचीच दोन क्षेत्रं इथे उदाहरणाला घेतली आहेत: मराठा अमलातल्या टांकसाळींची नाणी, आणि १८३५ ते १९४७ मधले इंग्रजी अमदानीतले रुपये. तुमचं क्षेत्र सातवाहन असो की बहमनी, क्रम हाच ठेवा.

टप्पा १: क्षेत्र एका वाक्यात लिहून काढा

"भारतीय नाणी" हे क्षेत्र नव्हे. "मराठा अमलातल्या पुणे, चांदवड आणि मिरज टांकसाळींचे चांदीचे रुपये" हे क्षेत्र आहे. "१८३५ ते १९४७ चे फक्त एक रुपयाचे नग" हेही चालेल. वाक्यात चार गोष्टी याव्यात: राज्यकर्ता किंवा टांकसाळ, धातू, मूल्य आणि कालखंड. वाक्य लांबायला लागलं, तर क्षेत्र अजून ठरलेलं नाही असं समजा.

आता संग्रहातली दहा नाणी टेबलावर मांडा आणि प्रत्येकाबद्दल अडलेला प्रश्न वहीत लिहा. हे साल हिजरी (इस्लामी चांद्र वर्ष) की फसली (महसुलाचं सौर वर्ष)? टांकसाळ कोणती? ही खूण मुद्दाम कोरलेली की ठसा फुटल्यामुळे आलेली? अस्सल की ओतीव, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेलं बनावट? खरेदीची यादी या प्रश्नांतून निघते.

*तपासा:* निम्म्याहून जास्त प्रश्न "किंमत किती?" याच धर्तीचे असतील, तर पुस्तक घ्यायची घाई करू नका. नाणं ओळखल्याशिवाय किंमत काढता येत नाही, आणि ओळखीचे प्रश्न तुम्ही अजून नाण्याला विचारलेलेच नाहीत.

टप्पा २: पुस्तकांआधी वाचण्याची साधनं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, डिजिटल कॅलिपर आणि दहापट भिंग. कॅटलॉगमधली नोंद वजन, व्यास आणि खुणा यांवर उभी असते. या तीन वस्तू नसतील तर पुस्तक नुसतं चित्रं बघण्यापुरतं उरतं. १८३५ पासूनच्या चांदीच्या रुपयाचं ठरलेलं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. झिजलेला नग थोडा कमी भरेल, पण न झिजलेला दिसणारा रुपया १०.९ भरला तर आधी शंका घ्या आणि मग पान उलटा. भिंगाचं महत्त्व खुणांपाशी कळतं. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे मागच्या बाजूला खाली एक बारीक टिंब, आणि ते नसेल तर नाणं कलकत्त्याचं. नुसत्या डोळ्यांनी हे टिंब आणि मळाचा कण सारखेच दिसतात.

चौथं साधन स्वतः बनवायचं आहे: फारसी अंकांचा तक्ता. मराठी वाचकाची फसगत इथे हमखास होते, कारण आपला डोळा देवनागरीला सरावलेला असतो. फारसी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि फारसी शून्य म्हणजे नुसतं टिंब. फारसी नऊ आपल्या एकच्या जवळ जातो. सात हा वर उघडा कोन, आठ हा खाली उघडा कोन, आणि नाणं उलटं धरलं की सातचा आठ होतो. तक्ता मोठ्या अक्षरांत काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. शेजारी देवनागरीच्या जुन्या मोडणीचे आणि मोडीचे अंकही लिहा.

तक्त्याखाली सालं बदलण्याच्या तीन रीती उतरवून ठेवा.

हिजरीतून इसवी: हिजरी सालातून त्याचे शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. १२०० मधून ३६ गेले ११६४, त्यात ६२२ मिळवले की १७८६. हिजरी वर्ष चांद्र असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

दख्खनी फसलीतून इसवी: ५९० मिळवा.

जुलूस, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष: मुघल बादशहा शाह आलम दुसरा याच्या नावाच्या नाण्यांवर हिजरी सालातून ११७२ वजा केले की साधारण जुलूस वर्ष येतं. हिजरी १२०० ला २८ यायला हवं.

तिन्ही रीती हाताशी का हव्यात ते एका नगावर बघा. पुण्याचा अंकुशी (अंकुशाची खूण असलेला) रुपया समोर आहे आणि त्यावर १२३० वाचता येतंय. हिजरी धरलं तर १८१५ येतं, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई. फसली धरलं तर १८२० येतं, म्हणजे पेशवाई बुडालेली आणि पुणे कंपनीच्या ताब्यात. चुकीची रीत लावली की नाण्यावरचं राज्यच बदलतं. मग तुम्ही मराठ्यांच्या पुस्तकात शोधत बसता आणि नोंद कंपनीच्या इलाख्यांच्या खंडात असते.

*सावधान:* सगळीच सालं खरी नसतात. मुर्शिदाबादच्या नावाने कंपनीने पाडलेल्या रुपयांवर जुलूस १९, फर्रुखाबादींवर ४५ आणि सुरतींवर ४६ हे आकडे वर्षानुवर्षं तसेच ठेवले होते. राणीछाप रुपयातही हाच प्रकार आहे. १८४० हे साल १८६२ चा नवा छाप येईपर्यंत चाललं, आणि १८६२ हे साल १८७४ पर्यंत. नाण्यावरचं साल आणि नाणं पाडल्याचं साल यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने आखा.

टप्पा ३: एकच ओळख-पुस्तक, पण पूर्ण वाचलेलं

नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं परमेश्वरीलाल गुप्त यांचं 'कॉइन्स' हे छोटं पुस्तक यासाठी पुरेसं आहे. आहत (ठोकून खुणा उमटवलेल्या प्राचीन) नाण्यांपासून पुढचा सगळा पट त्यात आहे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा आणि आपल्या क्षेत्राची प्रकरणं दोनदा. या पुस्तकावरून नाणं ओळखायला जाऊ नका, ते त्यासाठी लिहिलेलंच नाही. त्याच धाटणीची आणखी चार पुस्तकं घेऊ नका, कारण पुढचा सगळा खर्च पुढच्या टप्प्यावर व्हायला हवा.

टप्पा ४: मुख्य कॅटलॉग निवडा, आणि घेण्याआधी त्याची परीक्षा घ्या

मराठा नाण्यांसाठी माहेश्वरी आणि विगिन्स यांचं 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' (१९८९) पायाचं आहे. नाशिकजवळ अंजनेरीला असलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने ते काढलं. टांकसाळवार मांडणी हे त्याचं बळ. शिंद्यांच्या टांकसाळींकडे वळलात तर लिंगेन आणि विगिन्स यांचं 'कॉइन्स ऑफ द सिंधियाज' (१९७८) लागेल.

इंग्रजी अमदानीसाठी प्रिडमोरच्या, ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरच्या, कॅटलॉगचा चौथा (भारताचा) भाग, आणि त्याचे दोन खंड आहेत. पहिला (१९७५) कंपनीच्या इलाख्यांचा, १८३५ पर्यंतचा. दुसरा (१९८०) १८३५ ते १९४७ चा. नवखे लोक "प्रिडमोर मिळाला" म्हणून भलताच खंड घेऊन येतात. राणीछाप रुपयांसाठी दुसरा, आणि वर सांगितलेल्या फसली सालाच्या अंकुशीसाठी पहिला. एकाच पुस्तकाचे पैसे असतील, तर १८३५ नंतरच्या नाण्यांना स्टीव्हन्स आणि वीअर यांचं 'द युनिफॉर्म कॉइनेज ऑफ इंडिया' (२०१२) घ्या असं मी सांगेन. ठशांचे भेद त्यात जास्त बारकाईने लावले आहेत.

आता परीक्षा. पुस्तक ग्रंथालयात किंवा मित्राकडे बघायला मिळत असेल, तर आपली तीन नाणी सोबत न्या: एक स्वच्छ वाचता येणारं, एक अर्धवट छापाचं, एक शंकेचं. शिवराईचं उदाहरण घेऊ. पुढच्या बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', मागे दोन ओळींत 'छत्र / पति', भोवती टिंबांची माळ. वाचायला अवघड काही नाही, आणि म्हणूनच घोटाळा होतो. नाव महाराजांचं दिसलं की नाणंही महाराजांच्याच काळातलं, असं धरलं जातं. प्रत्यक्षात हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिला. त्यामुळे भेद पाहायचा तो अक्षरांच्या वळणात, 'शिव' की 'सिव' की 'सीव' यात, 'पति' ऱ्हस्व की दीर्घ यात, मजकुरामधल्या खुणांत आणि वजनात. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उत्तरकाळातली. नंतरच्या शिवराया वजनाला बहुधा हलक्या भरतात आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने निम्मी अक्षरं बाहेर गेलेली असतात. तुमच्या अर्धवट छापाच्या नगावर फक्त 'राजा'चा 'जा' आणि खालचा 'व' उरला असेल, तर एवढ्यावरून पुस्तक तुम्हाला कुठवर नेतं? अक्षरवळणाची रेखाचित्रं आहेत का? वजनाचा पल्ला दिलाय की एकच आकडा? सालच नसलेल्या नाण्याला काळ कशावरून लावला, हे लेखक सांगतो का? तीनपैकी दोन नाण्यांना उपयोगी उत्तर मिळालं, तर पुस्तक घ्या.

राणीछाप रुपयावर हीच परीक्षा १८४० च्या नगाने करा. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्याभोवती सलग फिरतात की डोक्याच्या वर तुटून दोन बाजूंना जातात, हे भेद पुस्तकात वेगळ्या क्रमांकांनी यायलाच हवेत.

*तपासा:* प्रस्तावना वाचल्याशिवाय क्रमांक वापरू नका. काय वगळलं आहे, 'दुर्मिळ' कशाला म्हटलं आहे, चित्रं मूळ मापाची आहेत की वाढवलेली, हे तिथेच लिहिलेलं असतं. वाढवलेल्या चित्रावर नाणं ठेवून व्यास जुळवणारे लोक असतात!

क्राउझचे, म्हणजे जगभरच्या नाण्यांच्या कॅटलॉगचे, जाड खंड कुठे बसतात? ते पुलासारखे वापरा. विक्रेते आणि लिलाववाले त्यातल्या 'के.एम.' (क्राउझ-मिशलर) क्रमांकानेच बोलतात, म्हणून तो क्रमांक कळायला हवा. पण हे खंड शतकवार आहेत. १७९५ चा आणि १८०५ चा अंकुशी रुपया दोन वेगळ्या खंडांत निघतो. त्यातल्या किमती डॉलरमध्ये, तुमच्या गल्लीत न लागणाऱ्या.

यावर उपाय म्हणून एक वही करा. डावीकडे तुमच्या नाण्याचा क्रमांक, पुढे प्रिडमोर, स्टीव्हन्स-वीअर, के.एम. किंवा माहेश्वरी-विगिन्स यांचे क्रमांक. एखाद्या पुस्तकात नोंद सापडली नाही तर रकाना रिकामा सोडू नका, "नाही" असं लिहा. रिकाम्या रकान्यावरून पाहायचं राहिलं की पाहून सापडलं नाही, हे वर्षभराने कळत नाही.

टप्पा ५: नियतकालिकं आणि ग्रंथालयं

पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या टांकसाळी आणि सुधारलेली वाचनं नियतकालिकांत असतात. वाराणसीच्या भारतीय नाणकशास्त्र परिषदेचं जर्नल, अंजनेरीच्या संस्थेचं 'न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट' आणि ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटीचं जर्नल ही तीन आपल्या क्षेत्रांना सगळ्यात जवळची. संपूर्ण संच विकत घेण्याचा मोह आवरा. त्यातलं नव्वद टक्के तुमच्या कामाचं नसतं आणि जागा मात्र सगळंच खातं.

त्याऐवजी अनुक्रमणिका चाळा. मुंबईत एशियाटिक सोसायटी, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज, नाशिककरांना अंजनेरी. जाण्याआधी फोन करून वेळ, सभासदत्व आणि झेरॉक्सचे नियम विचारा. "मराठा नाण्यांवर काय आहे?" असं विचारलंत तर ग्रंथपाल फार मदत करू शकणार नाही. लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक, अंक, वर्ष आणि पान अशी चिठ्ठी लिहून नेलीत तर अर्ध्या तासात काम होतं. या चिठ्ठ्या मिळतात आधीच्या टप्प्यातल्या मुख्य कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवर. म्हणून तो आधी.

प्रत्येक उपयोगी लेखाचं एक कार्ड करा: संदर्भ, दोन ओळींत निष्कर्ष, आणि आपल्या कोणत्या नाण्याला लागू. निष्कर्षाच्या ओळी तिथेच बसून लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की ते राहून जातं.

टप्पा ६: लिलावांचे कॅटलॉग आणि बनावट नाण्यांची फाइल

लिलावाचा कॅटलॉग म्हणजे चांगल्या फोटोंचा साठा आणि किमतींची नोंद. ओळखीचा आधार म्हणून तो दुय्यमच. वर्णन लिहिणाऱ्याला नाणं विकायचं असतं, हे विसरू नका. फक्त आपल्या क्षेत्राची पानं ठेवा. प्रत्येक नगापुढे अंदाज, अंतिम बोली आणि वर लागलेलं कमिशन व कर वेगळे लिहा. अंदाजालाच बाजारभाव समजणं ही नेहमीची चूक, आणि कमिशन न धरणं ही तिची धाकटी बहीण.

बनावट नगांची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, म्हणून साल कोरून बदललेले नग फिरतात. संशयित फोटो मिळाला की त्याच सालाच्या अस्सल नगाच्या फोटोशेजारी चिकटवा आणि अंकाची उंची, वळण, भोवतालची पातळी यांवर पेनाने बाण काढा. ओतीव शिवराईसाठीही असंच पान करा: कडेवरची जोडाची रेघ, अक्षरांच्या बोथट कडा, पृष्ठभागावरची बारीक भोकं, आणि वेगवेगळ्या नगांवर नेमक्या त्याच जागी तोच खड्डा. हा शेवटचा पुरावा सगळ्यात भक्कम असतो आणि तो फक्त फोटो साठवणाऱ्याला मिळतो.

टप्पा ७: डिजिटल कप्पा

आंतरजालावर झेनो हा पौर्वात्य नाण्यांचा फोटोसंग्रह आणि न्यूमिस्टा ही सूची, दोन्ही कामाची. दोन्हीकडे माहिती संग्राहकच भरतात, त्यामुळे तिथलं मत हे मत म्हणूनच नोंदवा. स्वामित्वहक्क संपलेली जुनी संग्रहालय-सूचीपत्रं इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येतात. हल्लीच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ घेऊ नका. कायद्याचा मुद्दा आहेच, शिवाय त्यांत नेमकी फोटोंची पानं काळी झालेली असतात.

फाइलचं नाव एकाच नियमाने द्या: लेखक, वर्ष, विषय. उदाहरणार्थ 'माहेश्वरी-विगिन्स_१९८९_अंकुशी'. 'नवीन स्कॅन २' नावाची फाइल पुन्हा कधी उघडली जात नाही. जुन्या छपाईतला देवनागरी किंवा फारसी मजकूर संगणकाच्या शोधात बहुधा सापडत नाही, म्हणून कामाची पानं हातानेच नोंदवून ठेवा.

*तपासा:* फोनवरची एकमेव प्रत ही प्रत नव्हे. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्या.

टप्पा ८: मांडणी, निगा आणि कागदपत्रं

पुस्तकं विषयवार लावा. सगळ्यात हाताशी साधनं आणि तक्ता, मग मुख्य कॅटलॉग, मग लेखांची कार्डं, शेवटी लिलावांची पानं. प्रत्येक नाण्याच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर पुस्तक आणि क्रमांक लिहा, आणि पुस्तकातल्या त्या नोंदीपाशी पेन्सिलने आपल्या नाण्याचा क्रमांक. दोन्हीकडून वाट असली की काम जलद होतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटाला बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि कसर लागली का हे पाठपानांच्या शिवणीत बघा. डांबरगोळ्या नाण्यांच्या कपाटात नकोत. पुस्तकं आणि नाणी एकाच बंद खणात तर नकोतच, कारण कागद-पुठ्ठ्यांतून येणाऱ्या वाफांनी चांदी काळवंडते. पुस्तक उसनं देताना नाव आणि तारीख लिहून घ्या. आपल्याकडे याचा लोकांना राग येतो, येऊ द्या.

शेवटची फाइल कायद्याची आणि पावत्यांची. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला 'आठवण' म्हणून राणीछाप रुपया देण्याआधी हे बघा. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शेतात सापडलं असं सांगून कुणी मडकंभर नाणी विकायला आणली तर हात लावू नका. प्रत्येक खरेदीची पावती घ्या आणि तिच्यावर 'जुनी नाणी, नग ४' एवढंच न लिहिता धातू, मूल्य, टांकसाळ, साल, वजन आणि कॅटलॉग क्रमांक लिहून मागा. विक्रेता कंटाळा करत असेल तर तपशील तुम्ही लिहा, सही त्याची घ्या आणि नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो मागे टाचून ठेवा.